एक पट्टा सोडून

एकोणीस हिवाळे हा उंचवटा मी घडवतोय.
रात्री टेकडी रिकामी झाली की मशीन घेऊन वर,
बर्फ ढकलत, चेपत.
उडीचा ओठ मात्र फावड्यानेच,
त्याचा कल यंत्राला कळत नाही.
दुसऱ्या दिवशी पोरं येतात,
हवेत एक अख्खी गिरकी घेऊन
पलीकडे उतरतात,
जणू दार लोटून शेजारच्या खोलीत गेली.

मी कधी उडी घेतली नव्हती.
सुतार थोडाच स्वतः केलेल्या पाळण्यात झोपतो.

हिल्पा चौदाची. दातांना तारा.
लिफ्टच्या दोरीला लोंबकळत तिनं विचारलं,
"ओइवा, तुला भीती वाटते की गुडघे दुखतात?"
मी म्हटलं, गुडघे.
"मग हरकत नाही," ती म्हणाली,
"भीती असती तर अवघड होतं."

खोटं बोलल्याची ही शिक्षा.

आधी खालच्या झोपडीत, नुसत्या मोज्यांवर,
चुलीवर सॉसेज तडतडत असताना:
उडी, गिरकी, उभा.
उडी, गिरकी, भिंत.
"आधी सरळ वर जा, खांदे नंतर.
तू जमिनीवरच वळायला लागतोस.
निघण्याआधीच पोहोचायची घाई."
(इर्मेलीही हेच म्हणायची, घर सोडून जाण्याआधी.
ते इथे नको.)

मग बर्फावर.
पहिला आठवडा अर्धीच गिरकी,
पाठ उताराकडे, तोंड आलो तिकडे.
पाऊण झाली की त्याहून वाईट:
स्कीची कड आडवी रुतते, माणूस तोंडघशी.
कॉलरमध्ये बर्फ, नाकात बर्फ,
आणि एक स्की एकटीच निघालेली
गोठलेल्या ओउलूयार्वीकडे.

"नजर! नजर कुठेय तुझी?"
पायांकडे, आणखी कुठे.
"पायांना ठाऊक असतं ते कुठे आहेत.
मान वळव, खांद्यावरून बघ,
उतरायची जागा दिसेपर्यंत बघतच राहा."

पण मध्ये एक क्षण असा येतो
की काहीच दिसत नाही.
दिवे, स्प्रूस, काळं आकाश, पुन्हा दिवे,
ओल्या फडक्यानं एकदाच पुसल्यासारखं.
तिथंच मी दर वेळी ताठ व्हायचो.
ताठ माणूस फिरत नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार, उणे एकोणीस.
टेकडी बंद झाल्यावर
मशीनचे दिवे उतरणीवर रोखून ठेवले
आणि स्की खांद्यावर टाकून चालत वर गेलो.
का, ते विचारू नका.

वेग. ओठ. सरळ वर.
मग मान, मग खांदा,
मग ते काहीच नाही.
या वेळी त्यात नुसती वाट पाहिली.
आणि खांद्यापलीकडून उतार आला,
पिवळ्या उजेडातला, मीच चेपलेला,
रेघारेघांचा, ओळखीचा.

धप्प.
गुडघे छातीपर्यंत.
उभा.
अजून उभा.

टाळी नाही. इंजिनची घरघर.
कुठल्याशा फांदीवरून बर्फ घसरला.

मग काम. वर, खाली, वर, खाली,
सगळी टेकडी नव्या कॉर्डुरॉयसारखी,
एक पट्टा सोडून.
त्यावर दोन रेघा होत्या.

बुधवारी दुपारी हिल्पा तिथं थांबली. वाकली.
कोण होतं, असं विचारलं नाही.
"वजन मागे होतं," म्हणाली.
"आणि हे काय?"
रेघांच्या डावीकडे
हातमोज्याएवढा एक खड्डा.
"हात टेकला तर धरत नाहीत, ओइवा."

मला तर ते आठवतही नव्हतं.

रात्री तो पट्टाही सपाट करून टाकला.
फावडं घेतलं, ओठ पुन्हा घासला,
या खेपेला
बोटभर उंच.